दवाच्या मागावर पुणे

पुणे पाहायला आलेल्या पाहुण्याला आपण काय दाखवतो? शनिवारवाडा, पर्वती, केळकर संग्रहालय, तुळशीबाग; पाहुणा धडधाकट असला तर सिंहगड, आणि नसला तर सारसबागेतली भेळ. या यादीत आणखी एका वस्तूची भर घालावी असे मला फार दिवस वाटते आहे. तिला तिकीट नाही, रांग नाही, वाटाड्या नाही. मात्र ती पाहण्याची वेळ पुणेरी दुकानासारखी ठरलेली आहे. सकाळी साडेसातनंतर आलात तर 'संपले' एवढेच उत्तर मिळेल.

ही वस्तू म्हणजे दव.

दिवाळीच्या सुमारास पहाटे कोणत्याही टेकडीवर जा. लॉ कॉलेजची टेकडी घ्या, चतुःशृंगीमागची घ्या, नाही तर वेताळ टेकडी. पायवाटेच्या दोन्ही बाजूंचे गवत पांढुरके दिसते. कोळ्यांची जाळी एरवी डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. त्या वेळी ती मोत्यांच्या सरांसारखी झुडपाझुडपांवर टांगलेली असतात. चपला ओल्या होतात आणि पायजम्याचा काठ पोटरीला चिकटतो. पावसाचा थेंब नाही, नळ नाही, झरा नाही. मग एवढे पाणी आले कोठून?

आपली भाषा म्हणते, दव पडते. कोजागरीला गच्चीवर आटीव दुधाची वाट पाहत बसलेल्या मुलांना घरातली वडीलधारी मंडळी हमखास बजावतात, "डोक्याला काही तरी बांधा रे, दव पडते आहे." म्हणजे दव हा एक प्रकारचा बारीक, गुपचूप पाऊस आहे आणि तो वरून येतो, असा आपला पिढीजात समज. आपलाच कशाला, दव आकाशातून उतरते असे युरोपातही शतकानुशतके मानत असत. या समजाचा निकाल लावला तो एका डॉक्टराने. विल्यम चार्ल्स वेल्स हे लंडनच्या एका इस्पितळात वैद्यकी करीत आणि रात्री एका बागेत लोकरीचे पुंजके मांडून बसत. एक पुंजका फळीच्या वर, एक फळीच्या खाली, एक उघड्यावर, एक आडोशाला. पहाटे ते पुंजके तोलून कोणी किती पाणी प्यायले ते टिपून ठेवीत. १८१४ साली त्यांनी दवावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना पदक दिले.

वेल्स यांनी दाखवले ते असे. दव वरून पडत नाही, ते जागच्या जागी जमते. निरभ्र रात्री गवताचे पाते आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून देते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. त्या गार पात्याला टेकलेल्या हवेतली वाफ तेथेच पाणी होऊन बसते. ढग असले तर ते पांघरुणासारखे काम करतात, पाते गार होत नाही. वारा असला तर तो गार झालेली हवा हलवून तिच्या जागी उबदार हवा आणतो. मग दव जमत नाही. म्हणून दवाला निरभ्र आकाश हवे, वारा पडलेला हवा, रात्र मोठी हवी आणि हवेत पुरेसा ओलावा हवा. या चारही गोष्टी पुण्यात एकत्र येतात त्या पाऊस सरल्यानंतर. जमीन अजून ओली असते, आकाश धुऊन पुसून स्वच्छ झालेले असते आणि रात्र वाढू लागलेली असते. दिवाळी आणि दव यांची गाठ पडते ती अशी.

याच नियमाचा उपयोग आपल्या देशात वेल्सच्या आधीपासून होत होता. बंगाल आणि अलाहाबादकडे हिवाळ्याच्या रात्री उथळ खड्ड्यांत पेंढा किंवा उसाची चिपाडे पसरत, त्यावर मातीच्या उथळ थाळ्यांत पाणी ठेवत आणि पहाटे त्यावर आलेला बर्फ गोळा करीत. हवा गोठणबिंदूच्या वर असली तरी थाळीतले पाणी उघड्या आकाशापुढे आपली उष्णता गमावून गोठत असे.

आता वडीलधाऱ्यांची बाजूही घेतली पाहिजे. कोजागरीला डोक्यावर दव पडत नाही हे खरे. पण उघड्या आकाशाखाली आपले डोकेही गवताच्या पात्यासारखी उष्णता सोडत असते. तेव्हा टोपी घालण्याचा सल्ला बरोबर, कारण तेवढे चुकीचे.

हाच खेळ दुपारी घरात पाहायचा असेल तर एका काचेच्या पेल्यात बर्फ घातलेले कोकम सरबत ओता. पाच मिनिटांत पेला बाहेरून घामाघूम होतो. घरातले कोणी तरी म्हणणारच, "पेला पाझरतो आहे वाटते." पांढऱ्या रुमालाने बाहेरचे थेंब टिपा. रुमालाला लाल डाग पडणार नाही. थेंब चाखून पाहा. गोड नाही, आंबट नाही. स्वयंपाकघरात नाजूक तराजू असेल तर पेला त्यावर ठेवा. पाझरत असता तर वजन घटले नसते खरे, पण वाढलेही नसते. ते तर वाढत जाते. म्हणजे पाणी आतून बाहेर आले नाही. बाहेरून कोणी तरी आणून ठेवले. तो आणणारा म्हणजे खोलीतली हवा.

हवा कोरडी दिसते म्हणून फसू नये. ३० अंश सेल्सिअसच्या हवेत, ती अगदी तुडुंब भरली तर, प्रत्येक घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. २० अंशांना ही मर्यादा सुमारे १७ ग्रॅमवर येते आणि १० अंशांना साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी आपली मध्यमवर्गीय खोली घ्या. पावसाळी दमट दिवशी तिच्यात जवळजवळ पाऊण लिटर पाणी वाफेच्या रूपाने तरंगत असते. हवा गार झाली की तिची झोळी लहान होते आणि न मावणारे पाणी बाहेर सांडते. ज्या तापमानाला सांडायला सुरुवात होते त्याला दवबिंदू म्हणतात. आपण गवतावरच्या थेंबाला दवबिंदू म्हणतो. हवामानशास्त्रात मात्र तो थेंब नव्हे, तापमापकावरचा आकडा आहे.

यात आणखी एक गंमत आहे. वाफेचे पाणी होताना ती आपली उष्णता पेल्याला देऊन टाकते. एक ग्रॅम थेंब पेल्यावर जमला तर त्या उष्णतेत आतला सुमारे सात ग्रॅम बर्फ वितळतो. मुंबईच्या दमट हवेत सरबत चटकन कोमट होते आणि पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात जरा दम धरते, त्याचे एक कारण हे. पुण्याची हवा चांगली, असे पुणेकराने म्हटले की मुंबईकर हसतो. या एका बाबतीत तरी पुणेकराकडे पुरावा आहे.

माठाचे प्रकरण मात्र वेगळे. माठही बाहेरून ओला असतो, पण तो खरोखरच पाझरतो. मातीच्या बारीक छिद्रांतून आलेले पाणी वाऱ्यावर उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. पेल्यावर वाफेचे पाणी होते, माठावर पाण्याची वाफ होते; एकाने गारवा जातो, दुसऱ्याने येतो. म्हणूनच एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत माठ इमानाने राबतो आणि आषाढ लागला की संपावर जातो.

हा हिशोब डोळ्यांसमोर ठेवून एकदा पावसाळ्यात डेक्कन क्वीनने मुंबईहून पुण्याला या. १९३० पासून धावणारी ही गाडी कर्जत सोडून घाट चढू लागली की काचांकडे लक्ष द्या. साध्या डब्याच्या बंद काचा पावसाने बाहेरून गार झालेल्या असतात आणि आतल्या माणसांच्या श्वासाने त्या आतून धुरकट होतात. मुले त्यांवर बोटाने नावे लिहितात. वातानुकूलित डब्यात उलटे. तेथे काच आतून गार, म्हणून धुके बाहेरच्या बाजूला जमते आणि कितीही पुसले तरी जात नाही. आणि बाहेर डोंगरावर तोच नियम केवढ्या मापाने चाललेला असतो! समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीला थडकते, वर चढते, चढता चढता फुगून गार होते आणि आपले ओझे टाकून देते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्याच्या वाट्याला सातशेच्या आसपास. घाटाने आधीच झोळी रिकामी करून घेतलेली असते.

पुण्यात उतरल्यावर या विषयाचे तीर्थक्षेत्र म्हणजे शिवाजीनगरचे सिमला ऑफिस. नव्या पिढीला हे नाव फक्त चौकाचे आणि बसथांब्याचे म्हणून ठाऊक असते. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले, तेव्हा त्यासाठी ही मनोऱ्याची दगडी इमारत उभी राहिली. मुख्यालय १९४४ साली दिल्लीला गेले, पण नाव मागे राहिले. पुणेकर एकदा ठेवलेले नाव सहसा बदलत नाही.

याच खात्यात १९३२ साली शेतीच्या हवामानाचा विभाग सुरू झाला आणि त्याची सूत्रे एल. ए. रामदास यांच्याकडे आली. हे केरळातल्या पालघाटचे, कलकत्त्याला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेले. ढगांकडे पाहणाऱ्यांच्या कचेरीत हा मनुष्य जमिनीकडे पाहत होता. शेतकऱ्याचे पीक काही सहा-सात हजार फुटांवर उगवत नाही; ते मातीलगतच्या चार-सहा फुटांत जगते आणि मरते. तेव्हा त्या चार-सहा फुटांतली हवा रात्री कशी वागते हे पाहिले पाहिजे, असा त्यांचा सरळ विचार.

रात्री जमीन उष्णता सोडते, म्हणून सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली असणार, हे पुस्तकातले उत्तर. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजले, तेव्हा भलतेच दिसले. सर्वांत गार थर जमिनीवर नव्हता. तो वीतभर ते हातभर वर होता! जमिनीजवळची हवा त्या थरापेक्षा उबदार. १९३२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि अनेक जाणकारांनी मान हलवली. गार हवा जड. ती उबदार हवेवर तरंगत राहील कशी? उपकरणे चुकली असतील, झाले. पुढे राश्के नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्यातच काळजीपूर्वक मोजमापे केली आणि १९५७ साली निर्वाळा दिला की रामदासांचे बरोबर आहे. त्यामागचे कारण शोधायला आणखी कित्येक वर्षे गेली. १९९० नंतर बंगळूरला रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवा आणि जमीन यांच्यातल्या उष्णतेच्या देवघेवीवरून त्याची उपपत्ती मांडली. त्यानंतरच्या प्रयोगांनी जमिनीलगत तरंगणाऱ्या सूक्ष्म धूलिकणांकडे बोट दाखवले. जगातल्या शास्त्रग्रंथांत आज या थराला 'रामदास थर' म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात रामदास म्हटले की दुसरेच डोळ्यांसमोर येतात. पण पुण्याच्या मातीवर हातभर उंचीवर या रामदासांचेही एक अदृश्य स्मारक आहे आणि ते निरभ्र रात्री नव्याने उभे राहते.

जवळच शेतकी कॉलेज. तेथल्या शेतावरच्या वेधशाळेने देशभरच्या शेतीवेधशाळांना वळण घालून दिले. दव मोजण्याचे एक साधन तर इतके साधे आहे, की पाहणाऱ्याला हसू यावे. रंग दिलेला एक लाकडी ठोकळा. पॅलेस्टाइनमधल्या दुवदेवानी नावाच्या संशोधकाने तो बसवला. सूर्यास्ताला तो उघड्यावर मांडायचा आणि सूर्योदयाआधी त्यावरचे थेंब प्रमाण छायाचित्रांशी ताडून किती दव जमले ते ठरवायचे. निरीक्षक उशिरा उठला तर ऊन सगळा पुरावा नाहीसा करते.

किती असते हे दव? चांगल्या रात्रीसुद्धा पाव मिलिमीटरच्या आसपास. पावसाच्या मानाने काहीच नाही. पण ०.२ मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे वीस लिटर पाणी झाले आणि तेही रोज पहाटे, पाऊस नसताना. रब्बीची ज्वारी आणि हरभरा ज्या कोरड्या भागात पिकतो, तेथले शेतकरी दवाला उगीच मान देत नाहीत. हरभऱ्याच्या शेतावर रात्री स्वच्छ फडके पसरून ठेवायचे आणि पहाटे दवाने भिजलेले फडके पिळून घ्यायचे. हरभऱ्याच्या पानांवरचा आंबटपणा त्या पाण्यात उतरतो. ही 'आंब' आपल्या आज्यांच्या औषधांच्या फडताळात असायची. तेच दव द्राक्षाच्या पानावर सकाळी उशिरापर्यंत राहिले, तर मात्र केवड्यासारख्या रोगाला आमंत्रण. जुन्नर-नारायणगावचा बागायतदार पहाटे उठून पाने पाहतो ते कवितेसाठी नव्हे.

टेकडीवर एक सावधगिरी सांगून ठेवतो. पानावरचा प्रत्येक थेंब दव नसतो. गवताच्या अगदी टोकावर किंवा अळूच्या पानाच्या शेंड्याला एकच टपोरा थेंब लोंबताना दिसला, तर तो बहुधा झाडाने मुळांतून ओढून आतून बाहेर टाकलेला असतो. दव पानभर बारीक बारीक पसरलेले असते. अळवावरचे पाणी क्षणभंगुर म्हणून प्रसिद्ध आहे. ते कोणाचे हेही नीट पाहून ठरवावे लागते.

आता लॉ कॉलेज रस्त्याला वळू. येथे दवाशी सौंदर्याचे नाते संपते आणि वैराचे सुरू होते. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. प्रभात कंपनीच्या या शहरात ते यावे हे योग्यच. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'चा जो भाग उरला आहे तो, १९३६ सालचा 'संत तुकाराम', असे आपले ठेवे फितींच्या रूपाने येथे जपलेले आहेत. फीत म्हणजे काय? पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या थरात चित्र. जिलेटिनला ओल लागली की ते फुगते, वेटोळी एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते. उष्णता आणि ओल मिळून जुन्या पट्टीचे रसायनच फोडतात. मग डबा उघडला की शिरक्यासारखा आंबट वास येतो. हा वास आला म्हणजे चित्रपट आजारी पडला. म्हणून फिती थंड आणि कोरड्या कोठारांत ठेवतात.

आणि गोची येथेच आहे. थंड कोठारातला डबा बाहेर आणून तसाच उघडला, तर फितीची गत कोकम सरबताच्या पेल्यासारखी होईल! जे ओलीपासून वाचवायला थंडीत ठेवले, त्याच्यावर थंडीमुळेच दव जमेल. म्हणून जगातल्या सर्व फिल्म-कोठारांचा शिरस्ता असा, की डबा बंदच ठेवून मधल्या बेताच्या तापमानाच्या खोलीत आणायचा, कित्येक तास तेथे थांबवायचे आणि फीत पुरेशी उबदार झाल्यावरच झाकण काढायचे. घाई चालत नाही. पुण्याने या ठेव्याचा काही भाग आगीत गमावलेला आहे. २००३ च्या जानेवारीत जुन्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि अनेक मूक आणि सुरुवातीचे बोलपट कायमचे गेले. आगीची बातमी होते. थेंबाची होत नाही. पण उरलेल्या फितींचे आयुष्य अशा थेंबांवर आणि झाकण उघडण्याआधी थांबणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या धीरावर अवलंबून असते.

गृहिणींनी हा धडा दिवाळीच्या फराळालाही लावावा. शीतकपाटातून काढलेला बर्फीचा किंवा सुक्या मेव्याचा डबा लगेच उघडू नये. झाकण बंद ठेवून तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. बाहेरून डब्याला घाम फुटेल तो फुटू द्या, फडक्याने पुसून टाका. आतला जिन्नस सादळणार नाही.

पुन्हा टेकडीकडे पाहू. थंडीत वर्तमानपत्रांत पुण्याची दोन तापमाने छापून येतात, शिवाजीनगरचे आणि लोहगावचे. पहाटेचा पारा सहसा शिवाजीनगरलाच अधिक उतरतो. लोहगाव उंच पठारावर. शिवाजीनगर नदीच्या खोऱ्यात. रात्री टेकड्यांच्या उतारावरची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी खाली वाहत येऊन खोऱ्यात साचते. १७ जानेवारी १९३५ ला पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता. म्हणजे या टेकड्या केवळ फिरायला जाण्याच्या जागा नव्हेत. पेठांतल्या आपल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत गारवा येतो त्यात त्यांचाही हात आहे.

गवत रात्री गार होते. काँक्रीट आणि डांबर दिवसाची उष्णता रात्रभर साठवून धरतात. उंच इमारती आकाश झाकतात आणि वातानुकूलन यंत्रे घरातली गरमी गल्लीत ओततात. मग पाते दवबिंदूच्या आकड्यापर्यंत उतरतच नाही. शहर वाढले की प्रथम कोण घर सोडून जाते? चिमण्या जातात, बेडूक जातात हे आपल्याला दिसते. दवही जाते; पण ते पहाटे जाते, आणि तेव्हा आपण झोपलेले असतो. सिमला ऑफिससमोरच्या गणेशखिंड रस्त्यावर आता मेट्रोचे खांब उभे आहेत. मेट्रो हवीच, कामावर जाणाऱ्या माणसाला दवावर बसून जाता येत नाही. पण टेकडीचा उतार, शेतकी कॉलेजचे शेत, नदीकाठची मोकळी पट्टी, यांचे मोल करताना चौरस फुटाबरोबर ही एक नोंदही वहीत असावी: येथे अजून दव जमते.

तेव्हा या सुट्टीत पाहुणे आले तर त्यांना एका पहाटे लवकर उठवा. पाहुणे कुरकुर करतील, करू द्या. बरोबर दोन रुमाल घ्या. एक टेकडीवरच्या गवतावरून फिरवा, दुसरा खाली सोसायटीच्या फरसबंद अंगणातल्या मोटारीच्या टपावरून आणि तिच्या शेजारच्या फरशीवरून. दोन्ही पिळून पाहा. कोणत्या रुमालातून किती थेंब निघाले ते मुलांना कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा त्याच जागी जा.